बिनदांडीची सायकल

दुपारी दोनच्या सुमाराला औरंगपुऱ्याच्या त्या गल्लीत हॉर्नसुद्धा दमल्यासारखे वाजतात. भाजीवाले गाड्यांवर ओलं पोतं टाकून पेंगतात. कमरोद्दीनचाचांच्या दुकानाच्या पत्र्याला पडलेल्या भोकांमधून उन्हाचे कवडसे खाली उतरतात, छताला टांगलेल्या अकरा सायकलींच्या चाकांत अडकतात आणि भिंतीवर तारांच्या सावल्या संथ फिरू लागतात. त्या वेळी चाचा स्टुलावर बसून मांडीवर निळं पुस्तक उघडायचे.

पंक्चर काढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. आता लोक त्यांच्याकडे जुन्या सायकली घेऊन यायचे ते त्यांचं वय विचारायला. कुणाच्या आजोबांची, कुणी भंगारातून उचललेली, कुणी हौसेनं जमवलेली. चाचा सायकल उलटी करायचे, पायडलच्या धुरीखाली, म्हणजे आसाच्या नळीखाली, कोरलेला नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचे आणि पुस्तकात बोट फिरवून सांगायचे, "अडतीस सालची. लढाईच्या आधीची. बघा, पुढच्या चाकाच्या चिमट्याचा खांदा कसा गोल आहे." माणूस खूश होऊन जायचा.

पुस्तक विटेएवढं जाड. विलायतेत छापलेलं, सायकलींच्या दुकानदारांसाठी. कोणत्या कंपनीनं कोणत्या साली कोणती सायकल काढली, तिचे नंबर कुठून कुठपर्यंत, सगळं चित्रांसकट. बाराव्या वर्षी ज्या नानासाहेबांच्या दुकानात चाचा रिमा पुसायला लागले, त्यांचं ते पुस्तक. दुकान बंद करताना नानासाहेबांनी ते जुन्या धोतराच्या पानात बांधून दिलं होतं. "कमरू, गिऱ्हाईक खोटं बोलेल, गंज खोटं बोलेल. हे बोलणार नाही."

चाचांना इंग्रजी अक्षरं त्या पुस्तकानंच शिकवली. इंग्रजी पेपर त्यांना आजही वाचता येत नाही, पण सायकलीच्या एकूण एक भागाचं विलायती नाव त्यांना पाठ. आणि चित्रं तर अशी, की दुपारच्या त्या गुंगीत ती हलायला लागायची. एका पानावर टोपी घातलेली एक बाई झाडांच्या कमानीखालून सायकलवर चाललेली. चाचांना वाटायचं, पान उलटलं की ती आपली वळणाआड जाते आणि कुठल्या तरी नदीकाठी उतरून पाणी पिते. कधी कधी ते पान उलटतच नसत. तिला अजून थोडी सावली मिळावी म्हणून.

मागच्या कार्तिकात एका दुपारी दुकानासमोर मालवाहू रिक्षा थांबली. आधी चाळिशीची एक बाई उतरली, मग तिनं हात देऊन एका म्हातारीला उतरवलं. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात काठी. रिक्षात दोरीनं बांधलेली सायकल होती. हिरव्या तैलरंगाचे थरावर थर, सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, पुढचं चाक वाकडं. आणि मधली आडवी दांडी नाही. लेडीज सायकल.

"चाचा, मी सत्यशीला. बिडकीनची," ती बाई म्हणाली. "ही माझी आत्या, मंजुळाबाई. माझे वडील बिभीषण गेले उन्हाळ्यात. गोठा आवरताना कडब्याखाली ही सापडली. आत्याला एक विचारायचंय तुम्हाला."

चाचांनी म्हातारीला स्टूल दिलं आणि स्वतः खोक्यावर बसले. "बोला आक्का."

मंजुळाबाई वर टांगलेल्या सायकलींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमी धनगर. माझा बाप आप्पा मेंढरं घेऊन पार पैठणच्या खाली जायाचा. ही सायकल त्यानं गोऱ्यांच्या छावणीतल्या एका मडमेकडून आणली. घोंगड्या दिल्या अन् सायकल आणली. म्या दहा-अकराची आसंन. मला येईना चढायला. रडले लई. मंग एक दिस आप्पानं सायकल घेतली, वाड्याच्या मागं इस्तू पेटवला, लोखंड लाल केलं. धूरच धूर. मला म्हनला, जवळ येऊ नको. दुसऱ्या दिवशी म्हनला, बस. अन् म्या बसले की! वर्षभर भाकरी घेऊन मेंढरांकडं सायकलीवर जायाचे. मंग लगीन झालं."

"लोक काय म्हणायचे?"

"म्हनायचे काय, हासायचे. बाप हासत नव्हता." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "माझं म्हननं, आप्पानं माझ्यासाठी मधली दांडी कापली. लुगडं नेसून बसता यावं म्हनून. भाऊ म्हनायचा, हॅट, ती होतीच बायकांची. कुनी घेत नव्हतं म्हनून आप्पानं घेतली. तुझ्यासाठी कशाला कापंल? जलमभर हेच भांडान. आता भाऊ गेला. मला खरं काय ते सांगा."

चाचांनी सायकल उलटी केली. धुरीखालचा रंग खरवडला. रॉकेलच्या बोळ्याखालून आधी 'एल' हे अक्षर उजळलं, मग आकडे. पुढच्या नळीवर बोट फिरवलं तर रंगाखाली कंपनीचं उठावाचं नाव लागलं. नॉर्थगेट. त्यांनी पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही. नॉर्थगेटच्या 'एल' नंबरच्या सायकली एकाच तऱ्हेच्या होत्या आणि चित्रात आडवी दांडी स्वच्छ दिसत होती. बायकांच्या सायकलीचा त्या पानावर उल्लेखच नव्हता.

चाचांनी पान म्हातारीपुढे धरलं. "ही बघा आक्का. ही तुमची सायकल. कंपनीनं हिला दांडी दिली होती. आज नाही, म्हणजे कुणीतरी कापलीय."

मंजुळाबाईनं चित्रावर हात ठेवला. कोंबडीच्या पिलाला झाकावं तसा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ओठ हसत होते. "आप्पा," ती एवढंच म्हणाली.

चाकाचा बाक काढून, धुरीला ग्रीस भरून चाचांनी सायकल तिच्याबरोबर परत दिली. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना वाटलं, पुस्तकातली ती टोपीवाली बाई आज नक्की नदीवर पोहोचली असेल.

चाचांची लेक फहमिदा उर्दू शाळेत भूगोल शिकवायची. तिला बापाचा पुस्तकाचा नाद ठाऊक होता आणि बापाला तिचा मोबाइलचा. दोघांत त्यावरून गोड तंटा चालायचा. त्या दिवशी जेवताना चाचांनी मंजुळाबाईची गोष्ट सांगितली आणि फहमिदाला ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिनं सत्यशीलाकडून मागवलेला सायकलीचा फोटो आणि चाचांनी टिपून ठेवलेला नंबर जुन्या सायकली जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला. धनगर बापानं लेकीसाठी दांडी कापली, असं खाली लिहिलं.

दुपारपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. संध्याकाळी ती दुकानात आली आणि चाचांशेजारी खोक्यावर बसली.

"अब्बा, देखो तो क्या क्या लिखे हैं लोगां."

एकानं लिहिलं होतं, ही सायकल एकोणीसशे दोन सालची. तेच वाक्य आणखी तीन ठिकाणी जसंच्या तसं उतरवलेलं. एकाचं म्हणणं, नॉर्थगेट नावाची कंपनीच नव्हती. एकानं फक्त विकता का असं विचारलं होतं.

चाचा खळखळून हसले. "मेरी किताब एकच बात बोलती बेटा. तेरे मोबाइल में सौ लोगां सौ बातां करते."

"अजून एक आहे," फहमिदा मराठीत म्हणाली. हसत नव्हती. "नागपूरच्या विशाखाताई. त्यांच्याकडे अशीच सायकल आहे. दांडी नसलेली. त्या म्हणतात, कंपनीनंच तशी बनवलीय."

"कापलेली असेल."

"त्यांना फोन लावू?"

चाचांनी मान हलवली, हो की नाही ते त्यांनाही कळलं नाही. फहमिदानं फोन लावला. पडद्यावर चष्मा लावलेली एक बाई आली, मागे स्वच्छ गॅलरी, तुळस, आणि भिंतीला टेकलेली काळी सायकल. विशाखाबाई मोठ्या अदबीनं बोलल्या. "काका, तुमच्या पुस्तकाविषयी मी फक्त ऐकून आहे. तुमच्याकडे ते प्रत्यक्ष आहे! पण हे बघा." त्यांनी फोन सायकलीच्या पोटाखाली नेला. 'एल', मग आकडे, आणि शेवटी तांदळाएवढा एक ठिपका, जो पुस्तकातल्या नंबरांना नव्हता. मग सीटखालचा जोड दाखवला. तिथून दोन नळ्या बाक घेऊन खाली उतरत होत्या आणि जोडावर कंपनीचाच छोटा शिक्का होता. "दांडी कापलेली असती तर इथं झाळलेलं दिसलं असतं. शिक्का तर नसताच ना, काका?"

"नसता," चाचा म्हणाले.

"माझ्या सासूबाई शिक्षिका होत्या. त्यांनी ही घेतली तेव्हाचं छापील पत्रकही आहे. त्यात बायकांची सायकल आहे. बहुधा तुमचं पुस्तक छापून झाल्यावर ती निघाली."

फोन बंद झाला. चाचांनी निळं पुस्तक उघडलं, पहिल्या पानावर छापलेलं साल पाहिलं. आयुष्यभर ते साल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पुस्तक तिथं थांबलं होतं आणि सायकली पुढे गेल्या होत्या, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. पुस्तक खोटं बोललं नव्हतं. त्याला पुढचं ठाऊक नव्हतं, आणि ते तसं सांगूही शकत नव्हतं.

पण खोटं बोललं कोण? मंजुळाबाईच्या सायकलीचा सीटखालचा जोड त्यांनी पाहिलाच नव्हता. रंगाचे थर होते आणि पुस्तकात चित्र होतं. चित्रावर विसंबले. एका म्हातारीला बोट दाखवून सांगितलं, कुणीतरी कापलीय.

चार दिवस चाचांना दुपारची झोप लागली नाही. पुस्तक मांडीवर असायचं, पण चित्रं हलायची नाहीत. टोपीवाली बाई झाडांच्या कमानीखाली तशीच थांबलेली, एक पाय जमिनीला टेकवून.

"मत जाओ अब्बा," फहमिदा म्हणाली. "उनकूं खुशी हुई ना? रहने दो."

"उसने सच पूछा था बेटा. खुशी नहीं पूछी थी."

पाचव्या दिवशी सकाळी ते एसटीनं बिडकीनला निघाले. पैठण रस्त्यावर बाजरीची कणसं काढलेली रानं मागे सरत होती आणि मधूनच नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद, रिकामे रस्ते दिसत होते. दिव्यांचे खांब उभे, दुतर्फा लावलेली झाडं गुडघाभर, आणि माणूस नाही. एका रस्त्यावरून मेंढरांचा कळप चालला होता. बसच्या काचेतून तो कळप धुक्याचा तुकडा जमिनीवर सांडल्यासारखा दिसला.

मंजुळाबाई भाचीच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सायकल अंगणात लिंबाखाली उभी, तिच्या हँडलला झेंडूची माळ. चाचांना ती माळ बघून पाय मागे घ्यावेसे वाटले.

सत्यशीलानं पाणी आणलं, चहा ठेवला. चाचा पाणी प्यायले आणि चहा येण्याआधीच त्यांनी बोलून टाकलं. "आक्का, माझं चुकलं. पुस्तकात होतं ते अर्धंच होतं. तुमच्या सायकलीला दांडी बहुधा कधीच नव्हती. कंपनीनंच बिनदांडीची केली असावी. तुमचे भाऊ बरोबर बोलत असावेत. आज आधी जोड बघतो."

खिशातून चाकू काढून त्यांनी सीटखालच्या जोडावरचा रंग हळूच खरवडला. हिरव्याखाली काळा, काळ्याखाली शिक्का. नागपूरच्या सायकलीवर होता तसाच. धुरीखालीही आकड्यांच्या शेवटी ठिपका होता, गंजात दडलेला.

मंजुळाबाईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "मंग धूर कशाचा व्हता?" ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. लहान मुलीनं विचारावं तसा होता. "म्या पाह्यलं व्हतं. लाल लोखंड. धूर."

सत्यशीला चहा घेऊन आली, ती दोघांकडे पाहत उभी राहिली. हातांना जे येतं ते चाचा करू लागले. सायकलीजवळ उकिडवे बसून पायडल फिरवलं. एक फेरी, दुसरी फेरी. पायडलच्या लोखंडी चौकटीवर अंगठा फिरवताना त्यांना काहीतरी लागलं. घासलेली एक खाच. मग तशीच दुसरी, बरोबर समोरच्या बाजूला. त्यांनी दुसरं पायडल पाहिलं. तिथंही तशाच खाचा. तारेनं काहीतरी आवळून बांधलं होतं, आणि बांधून महिनोन्महिने वापरलं होतं, तेव्हा कुठं लोखंडात अशी खाच पडते.

"आक्का, उभ्या राहा जरा," चाचा म्हणाले. "अकराव्या वर्षी तुम्ही केवढ्या होता?"

मंजुळाबाईनं स्वतःच्या छातीपाशी हात धरला. "एवढुशी."

"सीट पार खाली उतरवली तरी तुमचे पाय पोहोचले नसते. लेडीज असली तरी सायकल मडमेच्या मापाची. पायडलवर काही बांधलं होतं? लाकूड?"

लिंबाची दोन पिवळी पानं सायकलीच्या कॅरिअरवर पडली. म्हातारीनं डोळे मिटले आणि नाकानं हवा ओढली, जणू त्या अंगणात अजून तो वास होता.

"बाभळ," ती म्हणाली. "बाभळीचे ठोकळे. व्हय! लाल लोखंडानं भोकं पाडली आप्पानं. तार ओवायला. म्हनून धूर! ओल्या बाभळीचा धूर! चाचा, ते ठोकळे माझ्या पायाला टोचायचे तर त्यानं कडा घासून दिल्या. दगडावर. बसून बसून घासल्या." ती खाली बसली, पायडल हातात धरलं. "लगीन ठरलं तवा म्याच तोडून चुलीत घातले. रागानं. ईसरलेच व्हते. लाकडाचं ईसरले अन् दांडीचं धरून बसले."

सत्यशीला आत्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. चाचांनी चहाचा कप उचलला, तो निवला होता, तरी प्यायले.

थोड्या वेळानं मंजुळाबाई म्हणाली, "भाऊ खरा होता तर." आणि मग हसायलाच लागली. "मेला आयकायला ऱ्हायला नाय."

शहरात परतल्यावर चाचांनी शिसपेन्सिल तासली आणि निळ्या पुस्तकाच्या त्या पानाच्या कडेला, आपल्या उर्दू अक्षरांत, लिहिलं की या नंबरांत बायकांचीही सायकल आहे, ठिपका पाहावा. पुस्तकावर पेन्सिल टेकवायची त्यांची ती पहिली वेळ. फहमिदा एकेका पानाचे फोटो काढू लागली, आणि चाचा शेजारी बसून कोणत्या पानात काय संशय आहे ते सांगू लागले. विशाखाबाईंनी आपल्या पत्रकाचा फोटो पाठवला, तो चाचांनी छापून आणून पुस्तकात चिकटवला. आता कुणी वय विचारायला आलं की ते आधी सायकलीभोवती दोनदा फिरत, मग पुस्तक उघडत, मग म्हणत, "फहमिदा शाळेतून येऊ दे, तिलाही विचारू."

माघात सत्यशीलाचा फोन आला. "चाचा, आत्या रोज सकाळी सायकल घेऊन वसाहतीच्या रस्त्यावर जाते. बसत नाही. नुसती हँडल धरून चालते. एकदा या बघायला."

चाचा गेले. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. रुंद काळा रस्ता सरळ क्षितिजात घुसला होता आणि त्यावर हिरव्या लुगड्यातली म्हातारी सायकलीचा हात धरून चालत होती, एखाद्या मैत्रिणीला घरी पोहोचवायला निघाल्यासारखी. चाचा तिच्या बरोबरीनं चालू लागले. टायर नवे होते, त्यांचा बारीक सूर तेवढा ऐकू येत होता.

"बसा," मंजुळाबाई अचानक म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? सायकलीचं एवढं सांगता, बसल्यालं काय दिसलं नाय कधी."

चाचांनी खरं ते सांगितलं. गुडघा गेला होता. दांडीवरून पाय टाकणं सहा वर्षांपूर्वी सुटलं, आणि तेव्हापासून अकरा सायकलींचा मालक पायी फिरत होता.

मंजुळाबाईनं सायकलीकडे पाहिलं, मग चाचांकडे. "हिला कुठं दांडी हाय?"

चाचांनी पायजमा वर सावरला, एक पाय सहज, अगदी सहज, मधल्या बाकातून पलीकडे ठेवला आणि सीटवर टेकले. पहिल्या दोन फेऱ्यांना हँडल थरथरलं. मग सायकल सरळ झाली. मागून म्हातारीचं हसू ऐकू आलं, "नीट जावा भाऊ, लेडीज हाय ती!" आणि मग तेही मागे राहिलं. गुडघाभर झाडं दोन्ही बाजूंनी सरू लागली, दिव्यांचे खांब एकेक करून मागे जाऊ लागले. समोर रस्ता रिकामा होता. चाचांनी पायडल मारणं थांबवलं आणि सायकलीला आपल्या आपण चालू दिलं.